डोळा लागलाय

पिल्लं आणायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या ताईने आणि शेजारच्या मास्तरीणबाईंनी मिळून ते खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडलं. त्या बिचाऱ्याने ताटातली सोडून दुसरी कोंबडी कधी जवळून पाहिलेली नव्हती. बाजारात कोंबडीवालीच्या खोक्यासमोर मी उकिडवी बसले होते, मीच बोट दाखवून निवडत होते. "ते द्या, ते कपाळावर ठिपका असलेलं द्या, ते नको, झोपाळू दिसतंय." कोंबडीवाली हसली. म्हणाली, "बाई, कालची आहेत ही. झोपणार नाहीत तर काय करतील?" मी म्हटलं, "आमच्या घरी कोणी झोपत नाही. त्यांनाही सवय नको."

ही थट्टा नव्हती. आमच्या घरातली झोप उडून बरेच महिने झाले होते, आणि ती उडवली होती नवऱ्याने.

नवरा अॅम्ब्युलन्स चालवतो. म्हणजे चालवायचा, त्या वेळी रजेवर होता. दवाखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणतात. घरात दोन वाक्यं बोलायला दिवस घेणारा माणूस, पण गाडीत बसला की भोंगा लावून असा सुटायचा की समोरचे आपोआप बाजूला व्हायचे. भोंगा न्यायला आला म्हणजे पेशंट अर्धा बरा, असं नर्सबाई म्हणायच्या. हा ते घरी येऊन मला जरासुद्धा न लाजता सांगायचा.

त्या दिवशी भोंग्याचं कामच नव्हतं. एक वयस्कर बाई बरी होऊन घरी निघाली होती. बरोबर तिची मुलगी. मागच्या आडव्या बाकावर बसलं की मुलीला मळमळायचं, म्हणून ती पुढे नवऱ्याच्या शेजारी बसली. बाई मागे स्ट्रेचरवर, उशीला टेकून, निघताना वॉर्डातल्या सगळ्यांना हात करत. अर्ध्या वाटेत मुलीने विचारलं, "आईची बडबड थांबली हो, बघता का?" नवऱ्याने आरशात पाहिलं. "डोळा लागलाय त्यांचा," तो म्हणाला. "झोपू दे." आणि बाईंची झोपमोड व्हायला नको म्हणून एकेक खड्डा चुकवत, हॉर्नलासुद्धा हात न लावता, त्याने गाडी सावकाश घरापर्यंत नेली. मागचं दार उघडलं तेव्हा बाई गेलेली होती.

कोणी त्याला बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय क्षणात थांबलं, तू विमानाने नेलं असतंस तरी हेच झालं असतं. ती मुलगी तर स्वतः फोन करून म्हणाली, "माझ्या आईला तुम्ही शेवटपर्यंत किती जपून आणलंत." त्या वाक्याने तो पार खचला. शिव्या दिल्या असत्या तर त्या पचवल्या असत्या त्याने.

मला विचाराल तर दोष आपल्या भाषेचाही आहे. डोळा लागला म्हणजे झोप. डोळे मिटले म्हणजे मरण. एका डोळ्यात आणि दोन डोळ्यांत तेवढाच काय तो फरक, आणि आरशातून तो दिसावा कसा? पण हे मी नवऱ्याला म्हणाले तेव्हा तो हसला नाही. "मला कळायला हवं होतं," म्हणाला. कितीही समजावलं, "अरे, लांबून कळत नाही," शंभरदा सांगितलं, तरी गाडी फिरून त्याच स्टेशनवर. मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. लागू नये, त्याचं दुःख आहे, मला समजत होतं. पण माझा डोळा लागला की तो उघडायचा! अंधारात माझ्या नाकाखाली त्याचं बोट. श्वास चालू आहे का बघायला. मी दचकून उठले की तो सुटकेचा श्वास टाकून कुशीवर वळायचा. आणि मी गाढ झोपले, श्वास मंद झाला, की खांदा गदागदा हलवायचा.

"अगं, आहेस ना?"

"होते," मी म्हणायचे. "आता शंका आहे."

सुरुवातीला मी त्याच्या हातावर हात ठेवायचे, जवळ घ्यायचे. मग नुसतं हूं म्हणायला लागले. मग त्या बोटाला चावले. खरंच चावले. दुसऱ्या दिवशी त्याने बोटाला पट्टी लावली आणि रात्री दुसरं बोट वापरलं.

मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे चावण्याबद्दल मला थोडं कळतं. आमची लॅब लहान आहे. चार टेबलं, एक भट्टी, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, तापलेल्या सुरीने मेण सारखं करायचं, वरचे दात खालच्यांवर नीट टेकतात का ते बघायचं. केसभर चुकलं तर माणूस जन्मभर चुकीचं हसतो. झोप नसलेल्या हातांनी मी एका आजोबांच्या कवळीत दोन्हीकडे डावेच सुळे बसवले. आजोबा हसले की कोणीतरी बाजूने ढकलल्यासारखे दिसायचे. मालकांनी ती कवळी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं, माझ्याकडे ये. "माझ्याकडे ये," ताई म्हणाली. "मागची खोली रिकामी आहे. आधी झोप काढ. नवरा कुठे पळून जात नाही." मी बॅग भरली आणि पलंगाखाली सरकवली. नवऱ्याने ती पाहिली. झाडू मारताना त्याने ती बाहेर काढली, खालचा केर काढला आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

मला झोप हवी होती आणि नवराही हवा होता. एका छपराखाली दोन्ही मिळेनात, एवढीच माझी तक्रार.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्याला सांगितलं होतं की काहीतरी जिवंत सांभाळा, मन रमेल. मी आधी झाड आणून दिलं. झाडाचा श्वास कुठे बघायचा हे त्याला उमगेना, म्हणून त्याने धीर म्हणून पाणी घातलं, इतकं घातलं की झाड कुंडीत बुडून मेलं. तेव्हा मला पिल्लं सुचली. याला कोणाला तरी उठवायचंच आहे ना, मग कोंबड्यांना उठव म्हणावं, त्या तशाही पहाटे उठतात! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण त्या दिवसांत मला रेडाही दिसत नव्हता आणि पखालही.

मागच्या दारी आमचं हातभर अंगण आहे, त्याला लागून पत्र्याचा आडोसा. तिथे वॉशिंग मशीनचं जुनं खोकं ठेवलं, खाली लाकडाचा भुसा पसरला, वरून बल्ब टांगला. पाण्याच्या बशीत खडे घातले, नाहीतर पिल्लं त्यात पडून बुडतात. एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवली, की बाबांनो, हे पाणी, हे असं प्यायचं. मास्तरीणबाई कुंपणाच्या भिंतीवरून शेळ्या हाकत होत्या. "बल्ब खाली घ्या. नाही, वर घ्या. पेपर घाला. पेपर नको, पाय घसरतील." निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग नव्हता, आता आयता मिळाला.

नवरा खोक्याशी मांडी घालून बसला आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. एक पिल्लू चालता चालता त्याच्या बोटावर चढलं, तिथेच शिटलं. "गरम आहे गं," तो म्हणाला, पिल्लू की शीट ते कळलं नाही. मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. मला वाटलं, जिंकले.

अर्ध्या तासाने आतून ऐकलं, "गेलं! अगं, गेलं!"

धावत गेले. त्याच्या तळहातावर एक पिल्लू, मान लांब, पंख पसरलेले, पाय मागे. तो त्याला अंगठ्याने चोळत होता, चोचीवर फुंकर घालत होता. पिल्लाने डोळे उघडले आणि असं कोकललं की बाकीची सगळी कोकलायला लागली. "वाचलं," नवरा म्हणाला. घामाघूम झाला होता. त्याने त्याला खाली ठेवलं, तोवर दुसरं आडवं झालं होतं.

कोंबडीची पिल्लं अशीच झोपतात. आपण बसतो, आडवे होतो, मग झोपतो. ती दाणा टिपताना, पाणी पिताना, एकमेकांच्या अंगावरून चालताना मधेच कोसळतात, कोणीतरी आतली वायर काढून घेतल्यासारखी. मान भुशात, पाय कुठेही. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. मला हे माहीत नव्हतं आणि नवऱ्याला माहीत असून उपयोग झाला नसता. त्याच्या हातात देवाने, म्हणजे मी, दहा-बारा जीव दिले होते, आणि ते सगळे दिवसभर मरत होते आणि त्याच्या हातून वाचत होते.

खरं सांगू? मला झोप लागली. त्याने आपलं अंथरूण आडोशात हलवलं आणि माझ्या नाकाला सुट्टी मिळाली. मी अशी झोपले की सकाळी गालावर उशीच्या टाक्याटाक्याची खूण. लॅबमध्ये मी सलग तीन कवळ्या सुबक बसवल्या. मालक माझ्या टेबलाशी थांबले, "हं," म्हणाले. त्यांच्या तोंडून हं निघणं म्हणजे सत्कारच. संध्याकाळी ताईला सांगितलं, "बॅग तूर्त राहू दे." ताई म्हणाली, "रिकामी मात्र करू नकोस." मोठ्या बहिणी उगाच मोठ्या नसतात.

कारण त्या आठवड्यातच पहिलं पिल्लू खरोखर मेलं. मी कामावरून आले तर नवरा पायरीवर बसलेला, ओंजळीत पिवळा गोळा. "बघ," तो म्हणाला. "मी जरा तोंड धुवायला गेलो होतो. जरा डोळा मिटला असता तर सगळीच गेली असती." झालं. त्या एका मेलेल्या पिल्लाने नवऱ्याला बरोबर ठरवलं. त्यानंतर तो तोंडही तिथेच धुवायला लागला. जेवणाचं ताट खोक्यावर. एकेक पिल्लू उचलायचं, चोळायचं, उभं करायचं, पुढचं. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा चिवचिवाट सकाळी मी निघताना चालू, संध्याकाळी आले तरी चालू. मास्तरीणबाई भिंतीवरून म्हणाल्या, "कोंबड्या पाळल्यात की पाळणाघर काढलंय?" आणि मग आवाज खाली आणून, "माझा भाऊ गावी कोंबड्या पाळतो, तो म्हणतो, पिल्लांना कसलीतरी साथ असेल. एकदा जनावरांच्या डॉक्टरला दाखवून घ्या."

साथ! पिल्लं वाढत नव्हती. पंखांच्या टोकांना जी नवी पिसं फुटायला हवी होती ती फुटत नव्हती. एक उभ्या उभ्या डुलायचं. आणखी एक मेलं. नवऱ्याने बल्ब बदलला, भुसा बदलला, पाणी उकळून गार करून दिलं, आणि रोज जास्त वेळा उठवायला लागला.

सुट्टीच्या दिवशी मी घरी होते. लॅबमधून दातांची पेटी निवडायला आणली होती. दातांच्याही छटा असतात, कुठलेच दोन पांढरे सारखे नसतात. मागच्या पायरीवर, चांगल्या उजेडात, मी ते वेगवेगळे करत बसले होते, आणि समोर नवऱ्याची फेरी चालू होती. ते कपाळावर ठिपकेवालं पिल्लू, आम्ही त्याला ठिपक्या म्हणायचो, दाणा टिपता टिपता थांबलं. डोळे बारीक झाले. खालची पापणी हळूहळू वर चढली. मान खाली गेली. नवऱ्याने उचललं, चोळलं. ते कोकललं. खाली ठेवलं. दोन पावलं चाललं, थांबलं, पापणी वर. नवऱ्याने उचललं.

मी ठिपक्याच्या तोंडाकडे बघत राहिले. चोचीला भाव नसतात असं लोक म्हणतात. खोटं आहे. ते तोंड मी ओळखत होते. लॅबच्या बेसिनवरच्या आरशात कितीतरी सकाळी पाहिलं होतं.

पेटी हातातून निसटली. दात पायरीभर सांडले.

"खाली ठेव त्याला," मी म्हणाले.

"थांब गं, श्वास बघतो."

"खाली ठेव म्हणते ना! साथ नाही, काही नाही. तू मारतोयस त्यांना."

हे कुठे लागेल ते मला माहीत होतं, तरी तोंडातून गेलं. माझा स्वभावच तसा, आधी फटाका, मग काडी शोधणार. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मी वाचवतोय त्यांना," तो म्हणाला.

"कशातून? झोपेतून? झोपेतून कोणी कोणाला वाचवतं का?"

"पण झोप आहे की दुसरं काही, कसं कळणार?"

"नाही कळणार! नाहीच कळत. तरी झोपू द्यायचं असतं. अख्खं जग एकमेकांना तसंच झोपू देतं, रोज. नाहीतर सगळे असेच मरतील, उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून. मी मरत होते तशी."

ठिपक्या त्याच्या हातात डुलत होता.

"आज संध्याकाळी दाणा घालेपर्यंत हात लावायचा नाही," मी म्हणाले. "मी बसते तुझ्याजवळ. मी बघते. काय झालं तर जबाबदारी माझी. हे जमणार नसेल तर सांग, बॅग भरलेलीच आहे, मी आत्ता ताईकडे जाते. आणि झोप झाली म्हणून परत यायची नाही."

मी खरंच गेले असते. आजही वाटतं, गेले असते.

नवऱ्याने ठिपक्याला खाली ठेवलं. आम्ही दोघं खोक्यासमोर बसलो, सिनेमाला बसतात तसे, फक्त कोणालाच पडद्याकडे बघवत नव्हतं. त्याचा गुडघा थडथड उडत होता. तो उठायचा, बसायचा, अंगणाच्या दाराशी जाऊन यायचा, पायरीवरचे माझे दात उचलून द्यायचा, दोन दिले की पुन्हा खोक्यात डोकावायचा. मी त्याला धमकी देऊन बसवलं होतं, पण माझेच हात मांडीवर गप्प राहीनात. मी भुसा चिवडला, बल्बची वायर उगाच सरळ केली.

आणि मग चिवचिवाट कमी व्हायला लागला. आधी एक थांबलं, मग दोन, मग जवळजवळ सगळीच. इतके दिवस कानात बसलेला तो आवाज एकदम गेला तेव्हा घर कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं वाटलं. पिल्लं बल्बखाली पसरली होती, एकावर एक, कोणाची मान कोणाच्या पोटाखाली, पाय भलतीकडे. दृश्य चांगलं नव्हतं. कोणीही आलं असतं तर फावडं आणायला धावलं असतं.

"सगळी एकदम?" नवरा कुजबुजला.

"थकलीयेत."

"ठिपक्या बघ."

"बघतेय."

"लांब पडलाय. बाकीच्यांत नाही गेला."

"उकडत असेल त्याला."

"मान बघ ना त्याची."

तो उठलाच. हात खोक्यात जाणार एवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. दातांवर काम करून माझी पकड चांगली आहे. मी ठिपक्याकडे पाहिलं. मान लांब, एक पंख पसरलेला, पाय मागे, अगदी बाकीच्यांसारखा. मी अगदी नीट पाहिलं.

"डोळा लागलाय त्याचा," मी म्हणाले. "झोपू दे."

शब्द तोंडातून गेले तेव्हा मला ऐकू आले. त्यालाही ऐकू आले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मनगट सोडून द्यायला तयार होते. पण तो हळूच खाली बसला. गुडघा पुन्हा उडायला लागला. आम्ही ऊन भिंतीवरून सरकताना बघत राहिलो.

दाण्याची वेळ झाली. मी बशीवर नखाने टकटक केलं. पिल्लं जागी झाली, आणि काय जागी झाली! इतक्या दिवसांत ती अशी धावली नव्हती. एकमेकांना तुडवत, पाडत, बशीत पाय घालून, हावरटासारखी टिपायला लागली. मला हसू फुटलं. "बघ," मी म्हणाले, "बघ कशी!"

नवरा बशीकडे बघत नव्हता.

मी ठिपक्याला उचललं. बल्बमुळे अंग गरम होतं, पण मान बोटांवरून ओघळली. मी त्याला चोळलं. चोचीवर फुंकर घातली. नवरा जे जे करायचा ते सगळं केलं, त्याच्या हातून शिकल्यासारखं, पुन्हा पुन्हा. शेवटी त्याने ते पिल्लू माझ्या हातातून घेतलं, छातीवर अंगठा ठेवला, जरा थांबला, आणि मान हलवली.

"मला कळायला हवं होतं," मी म्हणाले. "तू सांगत होतास. समोर बसून बघत होते मी. तुझा हात धरला मी. मला कळायला..."

"अगं, लांबून कळत नाही."

"मान बघ म्हणालास तू."

"सगळ्यांचीच मान तशी होती. झोपलेलं आणि गेलेलं सारखंच दिसतं गं. कोणाला कळलं असतं? मला नसतं कळलं. आणि उठवलं असतंस तरी काय, जे व्हायचं ते..."

तो थांबला.

हेच शब्द मी त्याला किती वेळा वाढले होते, आणि त्याने किती वेळा ताट बाजूला सारलं होतं. आता ते त्याच्याच तोंडून निघाले होते. तो पायरीवर बसला, पिल्लू ओंजळीत धरून. बराच वेळ ओंजळीकडे बघत राहिला.

"उठवलं असतं तरी त्या गेल्याच असत्या ना?" तो म्हणाला.

पिल्लाला कोणी "त्या" म्हणत नाही.

"हो," मी म्हणाले.

तेव्हा तो रडला. बाई गेली तेव्हा नाही, तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा नाही, इतके महिने नाही, तो आत्ता, सांडलेल्या दातांच्या मधे बसून, मोठ्याने, भोंग्यासारखा रडला. मास्तरीणबाईंचं डोकं भिंतीवर आलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न सांगता खाली गेलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याबरोबर रडले, ठिपक्यासाठी आणि त्या हात करत निघालेल्या बाईंसाठीही, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

कुंपणाच्या कडेला आम्ही ठिपक्याला पुरलं. लॅबमधलं प्लास्टर कालवायचं जुनं पातं माझ्याकडे होतं, त्याने खड्डा केला. नवऱ्याने हात धुतले, ओले हात शर्टाला पुसले आणि खोक्याशी परत आला. पोटं भरलेली पिल्लं पुन्हा कोसळायला लागली होती. एक पडलं. त्याचा हात उठला, हवेतच राहिला, आणि त्याने तो खाली घेतला. आणखी एक पडलं. तो तिथेच भिंतीला टेकला, मग टेकलेला घसरला, आणि चटईवर आडवा झाला. अजून उजेड होता. मी पायरीवरचे दात वेचत होते. शेवटचा सुळा सापडला तेव्हा मागे वळून पाहिलं, तर हा हात पसरून, तोंड उघडं टाकून, एक पाय चटईबाहेर.

फोन वाजला. मी झडप घालून उचलला. ताई होती.

"काय गं, मगाशी दोनदा केला, कुठे होतीस? येणार आहेस की नाही शेवटी? खोली झाडून ठेवलीये."

"हळू बोल," मी म्हणाले. "डोळा लागलाय त्याचा."

"त्याचा? भोंग्याचा?" ताईचा आवाज खरंच खाली आला. "मग तू?"

"नंतर बोलते."

फोन ठेवला. खोक्यात शांत होतं. चटईवर शांत होतं. तो घोरतही नव्हता. पूर्वी घोरायचा, पूर्वी मी त्यावरूनही भांडायचे. मी त्याच्या छातीकडे पाहिलं. शर्ट सैल होता, नीट दिसेना. मान लांब, डोकं एका बाजूला. मी अजून थोडी सरकले. आणि माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात उचलला गेलाय आणि पहिलं बोट त्याच्या नाकाकडे निघालंय.

मी तो हात मांडीखाली घेतला आणि त्यावर भार देऊन बसले.